दीर्घकालीन मूत्रपिंडविकार : गुंतागुंती आणि सोबतचे आजार

मूत्रपिंडांच्या रचनेत किंवा कामात बिघाड होऊन तो तीन महिन्यांहून अधिक काळ टिकला, की त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात. बिघाड किती आहे हे दोन आकड्यांवरून ठरते. पहिला आकडा गाळणदराचा, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळतात याचा. निरोगी तरुण माणसात तो शंभराच्या आसपास असतो. तो ६० च्या खाली राहू लागला की विकार आहे असे मानतात आणि १५ च्या खाली गेला की मूत्रपिंडे निकामी झाली असे म्हणतात. दुसरा आकडा लघवीवाटे वाहून जाणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा. गाळणदर चांगला असूनही लघवीत अल्ब्युमिन जात असेल, तर धोका सुरू झालेला असतो. जगातील प्रौढांपैकी साधारण दहा टक्के लोक या व्याख्येत बसतात. त्यांतील बहुसंख्यांना आपल्या आजाराची कल्पनाही नसते, कारण गाळणदर निम्म्यावर येईपर्यंत दुखतखुपत काही नाही.

या आजाराविषयी सर्वत्र समजूत अशी, की मूत्रपिंडे थकली की रक्तात साचणारा क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ वाढत जातो, एक दिवस डायलिसिस लागते आणि खरा त्रास तिथून पुढे सुरू होतो. आकडे वेगळे सांगतात. अमेरिकेच्या वायव्य भागातील कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या सुमारे २८ हजार रुग्णांच्या पाच वर्षांच्या नोंदी २००४ साली प्रसिद्ध झाल्या. गाळणदर ३० ते ५९ असलेल्या रुग्णांपैकी डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत पोहोचले १.३ टक्के, त्याच काळात मरण पावले २४.३ टक्के. गाळणदर १५ ते २९ असलेल्यांतही हेच प्रमाण अनुक्रमे १९.९ आणि ४५.७ टक्के होते. या रुग्णांत वयस्कर मंडळी बरीच होती हे खरे. पण त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील अकरा लाखांहून अधिक प्रौढांच्या पाहणीत वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब वजा केल्यावरही गाळणदर जसा उतरेल तसे हृदयविकाराचे आणि मृत्यूचे प्रमाण पायरीपायरीने चढताना दिसले. बहुतेक रुग्णांना मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याआधीच दुसरे काहीतरी गाठते. म्हणून गुंतागुंती आणि सहव्याधी हा या आजाराचा पुरवणी भाग नसून गाभा आहे. एकट्या क्रिएटिनिनवर डोळा ठेवून चालणारे उपचार त्यामुळेच अपुरे पडतात.

ते दुसरे काहीतरी बहुधा हृदय असते. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान, वाढलेले कोलेस्टेरॉल ही हृदयविकाराची ओळखीची कारणे या रुग्णांत असतातच. त्यांत मूत्रपिंडविकार स्वतःची भर घालतो. शरीरात साचलेले मीठ-पाणी आणि वाढलेला रक्तदाब यांच्या विरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. जाड झालेला कप्पा नीट सैल पडत नाही, मग थोडे पाणी जास्त झाले तरी धाप लागते. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते. ते केवळ पुटासारखे चढत नाही, भिंतीतील स्नायूपेशी हाडांच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि नळ्या ताठ होतात. यामुळे डायलिसिसवरील रुग्णाचा मृत्यू पुष्कळदा ठरावीक हृदयझटक्याने न होता हृदयाचा ठोका अचानक बिघडून होतो. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांच्या चाचण्यांतही हा फरक उघड झाला. डायलिसिस न लागलेल्या रुग्णांना त्यांचा फायदा होतो. पण डायलिसिसवरील रुग्णांवर झालेल्या २००५ आणि २००९ मधील दोन मोठ्या चाचण्यांत म्हणण्यासारखा फायदा आढळला नाही, कारण तोवर दुखण्याचे स्वरूपच पालटलेले असते. उपचाराची वेळ आधीची असते.

याला जोड मिळते ती वैद्यकीय संकोचाची. अँजिओग्राफीत वापरल्या जाणाऱ्या रंगद्रव्याने मूत्रपिंडांना इजा होईल या भीतीने अनेकदा मूत्रपिंडाच्या रुग्णाची तपासणी लांबणीवर पडते. ही भीती पूर्वी मानली जात होती तेवढी मोठी नाही, असे आता बरेच तज्ज्ञ मानतात. त्यात छातीत दुखण्याची तक्रार या रुग्णांत नेहमी असतेच असे नाही, आणि हृदयाच्या इजेची रक्तचाचणी इजा नसतानाही थोडी वाढलेली दिसते. निदान दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

उच्च रक्तदाब हा मूत्रपिंडविकाराचे कारणही आहे आणि परिणामही. कोणता आधी आला हे अनेक रुग्णांत शेवटपर्यंत कळत नाही, आणि उपचारासाठी ते कळण्याची गरजही फारशी नसते. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत उतरतो, या रुग्णांत तो पुष्कळदा उतरत नाही. दवाखान्यात दिवसा मोजलेला आकडा चांगला असूनही हृदयावरचा ताण त्यामुळे चालूच राहतो. मीठ कमी करणे हा इथला सर्वांत स्वस्त उपाय. मराठी घरात ताटातली मिठाची चिमूट वगळली तरी लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ यांतून मीठ पोटात जातच असते. ‘लो-सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठ घेणे हा मात्र यावरचा उपाय नव्हे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते, आणि ते या रुग्णांना अधिक घातक ठरू शकते.

मधुमेह हे मूत्रपिंडविकाराचे जगातील सर्वांत मोठे कारण आहे. मधुमेहींपैकी सुमारे एकतृतीयांश ते चाळीस टक्के लोकांना हा विकार पुढेमागे जडतो. पण आजार वाढल्यावर मधुमेहाची वागणूक उलटते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. शरीरातील इन्सुलिनचा बराच भाग मूत्रपिंडांत नष्ट होतो. ती थकली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकते आणि गोळ्यांचाही निचरा होत नाही. मग वर्षानुवर्षे चढी असलेली साखर आपोआप खाली येऊ लागते. घरात ‘शुगर बरी झाली’ म्हणून समाधान पसरते. प्रत्यक्षात ही मूत्रपिंडे ढासळल्याची खूण असते आणि त्याच डोसावर रुग्ण राहिला तर मध्यरात्री साखर उतरून बेशुद्ध होण्याचा धोका असतो. ग्लिबेनक्लामाइडसारख्या जुन्या गोळ्या या बाबतीत बदनाम आहेत. मेटफॉर्मिनचा डोस गाळणदर ४५ च्या खाली गेल्यावर कमी करतात आणि ३० च्या खाली ते थांबवतात. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी ही चाचणीही इथे फसवते. लाल पेशींचे आयुष्य घटलेले असल्याने तिचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो.

रक्तक्षय हा या आजाराचा जुना सोबती. लाल पेशी बनवण्याचा हुकूम देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मूत्रपिंडांत तयार होते, ते कमी पडते. जोडीला दीर्घकाळच्या दाहामुळे लोह अडवणारे हेप्सिडिन हे संप्रेरक वाढते आणि शरीरातले लोह कोठारात अडकून पडते. थकवा, जिना चढताना धाप, फिकट चेहरा ही लक्षणे वयावर किंवा अशक्तपणावर ढकलली जातात आणि वर्षे निघून जातात. १९८९ साली कृत्रिम एरिथ्रोपोएटिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी अशा रुग्णांना वारंवार रक्त चढवण्यावाचून गत्यंतर नव्हते; त्यातून कावीळ पसरे, लोह साचे आणि पुढच्या प्रत्यारोपणाला अडथळा करणारी प्रतिद्रव्ये तयार होत. इंजेक्शन आल्यावर उत्साहाच्या भरात हिमोग्लोबिन थेट निरोगी माणसाइतके करण्याचे प्रयत्न झाले. तेव्हा २००६ ते २००९ या काळातील मोठ्या चाचण्यांनी लगाम घातला. मधुमेही रुग्णांवरील २००९ च्या चाचणीत हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेण्याचा प्रयत्न झालेल्या गटात पक्षाघाताचे प्रमाण जवळजवळ दुप्पट निघाले. तेव्हापासून १० ते ११.५ च्या आसपास थांबणे शहाणपणाचे मानले जाते. आकडा सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नाही, याचे वैद्यकातील हे एक ठसठशीत उदाहरण. ऑक्सिजनची कमतरता पेशींना कशी कळते या संशोधनाला २०१९ चे नोबेल मिळाले आणि त्यातून याच रक्तक्षयासाठी तोंडाने घ्यायच्या गोळ्या आल्या. भारतात डेसिड्युस्टॅट ही अशी गोळी २०२२ पासून उपलब्ध आहे.

हाडांची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे आणि ती फॉस्फरसपासून सुरू होते. मूत्रपिंडांना फॉस्फरस बाहेर टाकणे जड जाऊ लागले, की हाडांतून एफजीएफ२३ नावाचे संप्रेरक वाढते आणि उरलेल्या गाळण्यांकडून जास्त काम करून घेते. रक्तातला फॉस्फरस त्यामुळे कित्येक वर्षे ठीक दिसतो. पण याच संप्रेरकामुळे ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप घटते, आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी खवळून हाडांतून कॅल्शियम ओढू लागतात. हाडे ठिसूळ होतात आणि तेच कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जाऊन बसते. एफजीएफ२३ स्वतः हृदयाच्या पेशी जाड करते, हेही २०११ मध्ये प्रयोगांत दिसले. म्हणजे हाड आणि हृदय हे दोन वेगवेगळे अध्याय मानण्यात अर्थ नाही.

या बाबतीत आहारसल्ल्याची गफलत होते ती डाळींवर. फॉस्फरस आहे म्हणून डाळ-उसळ पूर्ण बंद करायला सांगितले जाते. वनस्पतींतील फॉस्फरस फायटेटच्या रूपात असतो आणि त्याचा निम्म्याहून कमी भाग आतड्यात शोषला जातो. उलट कोला पेये, प्रक्रिया केलेले चीज, टिकवलेले मांस यांत मिसळलेला रासायनिक फॉस्फेट जवळजवळ पूर्ण शोषला जातो. मोजून वाटीभर वरण खाणाऱ्यापेक्षा बाटलीबंद पेय पिणारा जास्त धोक्यात असतो. डाळ तोडून प्रथिनांची उपासमार झाली तर तो आणखी एक आजार. डायलिसिस नसताना वजनाच्या किलोमागे दिवसाला सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने पुरतात. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते आणि ती १ ते १.२ ग्रॅमवर जाते. हे न कळल्याने डायलिसिसवर असूनही जुने पथ्य पाळत स्नायू झिजवून घेणारे रुग्ण शाकाहारी घरांत विशेष दिसतात.

पोटॅशियमचा धोका मात्र खरा आणि तातडीचा. ते वाढले की हृदयाची लय बिघडते, आणि बहुधा आधी काहीच जाणवत नाही. शहाळे, टोमॅटो, बटाटा, केळी, सुका मेवा यांवर बंधन येते ते त्यामुळे. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून देणे ही त्यावरची घरगुती वाट आहे. आजारी माणसाला शहाळे घेऊन भेटायला जाण्याची रीत या एका आजारात अंगाशी येऊ शकते. पाच धारांचे कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर या रुग्णांनी चाखूही नये. त्यातील कॅरंबॉक्सिन हे विष निरोगी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात, पण निकामी मूत्रपिंडांच्या रुग्णात न थांबणारी उचकी, गोंधळ, फेफरे आणि मृत्यूपर्यंत मजल जाते. रक्तातील आम्लता वाढणे हा पोटॅशियमवाढीचाच धाकटा भाऊ. त्याने स्नायू आणि हाडे झिजतात, आणि खाण्याच्या सोड्याच्या गोळ्यांनी ती आटोक्यात येते.

संसर्गाच्या बाबतीत भारतातील चित्र पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांपेक्षा वेगळे आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असते आणि इथे क्षयाचे जंतू जागोजागी आहेत. डायलिसिसवरील रुग्णाला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या कित्येक पट असते. तो पुष्कळदा फुप्फुसाबाहेर, गाठींत, फुप्फुसाच्या आवरणात, पोटात दडलेला असतो. बारीक ताप, भूक मंदावणे, वजन उतरणे ही लक्षणे मूत्रपिंडविकाराचीच समजली जातात. त्वचेवरील क्षयचाचणीही दुबळ्या प्रतिकारशक्तीमुळे नकारार्थी येऊ शकते. उपचारात रिफाम्पिसिनचा डोस तसाच राहतो, इथॅम्ब्युटॉलचा बदलावा लागतो, नाहीतर दृष्टीवर परिणाम होतो. प्रत्यारोपण झालेल्यांत रिफाम्पिसिन हे नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसचे रक्तातील प्रमाण खाली आणते आणि बसवलेले मूत्रपिंड धोक्यात येते.

हिपॅटायटिस बीची लस या रुग्णांना दुप्पट मात्रेत आणि लवकर द्यावी लागते, कारण उशीर होईल तसा शरीराचा प्रतिसाद घटतो. संसर्गाचे दुसरे दार म्हणजे डायलिसिससाठी मानेत घातलेली नळी. हातावरचा फिस्टुला, म्हणजे शस्त्रक्रियेने धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग, त्याहून कितीतरी सुरक्षित. पण तो पक्व व्हायला आठवडे लागतात आणि आपल्याकडे बरेच रुग्ण धाप लागलेल्या अवस्थेतच पहिल्यांदा रुग्णालयात येतात. त्यामुळे नळीवाचून इलाज नसतो. गाळणदर ३० च्या खाली गेल्यावर नेहमीच्या वापरात नसलेल्या हाताच्या शिरा सुईविना जपून ठेवणे ही साधी सूचनाही पुष्कळांपर्यंत पोहोचत नाही.

अंगाची खाज, रात्री पायांची चाळवाचाळव, झोप न लागणे, तोंडाची चव जाणे यांना गौण मानण्याची पद्धत आहे. रुग्णाला विचारले तर हीच दुखणी तो सर्वांत आधी सांगतो. डायलिसिसवरील सुमारे एकचतुर्थांश रुग्णांना नैराश्य ग्रासते. विस्मरण आणि गोंधळ हे मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्याने वाढतात. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील आणि फॉस्फरस बांधणाऱ्या औषधांतील ॲल्युमिनियममुळे भयानक स्मृतिभ्रंश होत असे. पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती सुधारल्यावर तो जवळपास नाहीसा झाला. स्त्रियांत पाळी अनियमित होते, गर्भधारणा अवघड होते, झाल्यास रक्तदाब भडकण्याचा आणि अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका असतो. मुलांत उंची खुंटते.

एक वेगळा गट इथे नोंदवायला हवा. आंध्र प्रदेशातील उद्दानम, श्रीलंकेचा उत्तर-मध्य भाग, मध्य अमेरिकेतील उसाचे मळे आणि गोव्यातील काणकोण तालुका इथे मधुमेह किंवा मोठा रक्तदाब नसलेल्या शेतकरी-मजुरांत अज्ञात कारणाचा मूत्रपिंडविकार आढळतो. उन्हातले श्रम आणि पाण्याची कमतरता, पाण्यातील क्षार, कीटकनाशके अशी अनेक कारणे सुचवली गेली, एकावर एकमत नाही. या रुग्णांच्या लघवीत प्रथिने फार जात नाहीत आणि अंगाला सूजही उशिरा येते. म्हणून मधुमेह-रक्तदाबाभोवती बेतलेल्या तपासणी शिबिरांच्या जाळ्यातून ते निसटतात.

सहव्याधी जितक्या जास्त तितकी औषधे जास्त, आणि औषधे हीच पुढची गुंतागुंत होते. गुडघेदुखीसाठी दुकानातून घेतलेले डायक्लोफेनॅक, रक्तदाबाची ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ गटातील गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी ही तीन एकत्र आली आणि जुलाब-उलटीने अंगातले पाणी कमी झाले, की मूत्रपिंडे काही दिवसांत बसू शकतात. नसांच्या दुखण्यावरचे गॅबापेंटिन नेहमीच्या मात्रेत साचून माणूस गुंगीत जातो, आणि घरचे समजतात पक्षाघात झाला. वनौषधीही निरुपद्रवी असतातच असे नाही. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन घटवण्याच्या चिनी वनौषधीतील ॲरिस्टोलोकिक आम्लाने अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे गेली. आपल्याकडची सापसण ही वनस्पती त्याच कुळातली.

गेल्या काही वर्षांत चांगली बातमी आली ती अशा औषधांची, जी एकाच वेळी मूत्रपिंड आणि हृदय दोन्ही राखतात. साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या ‘फ्लोझिन’ गटाच्या चाचण्या २०१९ पासून एकामागून एक आल्या. २०२० च्या डॅपाग्लिफ्लोझिनच्या चाचणीत मूत्रपिंड निकामी होणे आणि त्याच्याशी किंवा हृदयाशी निगडित मृत्यू अशा घटनांचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी घटला, आणि त्यात मधुमेह नसलेले रुग्णही होते. त्याच वर्षी भारतातील पेटंट संपल्याने हे औषध स्वस्त झाले. २०२४ मध्ये सेमाग्लुटाइडनेही मधुमेही मूत्रपिंडरुग्णांत असाच लाभ दाखवला. अडचण येते ती नेमकी क्रिएटिनिनची. ही औषधे, तशीच ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ गोळ्या, सुरू केल्यावर क्रिएटिनिन आधी किंचित वाढते, कारण गाळण्यांवरचा दाब उतरतो. रिपोर्ट पाहून घाबरून औषध बंद केले जाते, आणि ज्याने पुढची दहा वर्षे वाचली असती ते फेकले जाते. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ सहसा चालवून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.

डायलिसिस सुरू झाल्यावर गुंतागुंती संपत नाहीत. आठवड्यातून तीन वेळा ही मान्य पद्धत. भारतात खर्चामुळे आणि अंतरामुळे अनेकांना दोनदाच मिळते. दोन डायलिसिसमधला खंड लांबला की पाणी आणि पोटॅशियम साठते आणि त्या खंडाच्या शेवटी मृत्यूचे प्रमाण वाढते, हे २०११ मध्ये अमेरिकी नोंदींतून दिसले. तिथे तर खंड दोनच दिवसांचा होता. २०१६ पासूनचा पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महाराष्ट्रातील महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे खर्चाचा भार हलका झाला. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत आठवड्यातून तीनदा येण्याजाण्याचा प्रश्न उरतोच. प्रत्यारोपणाने आयुष्य आणि त्याची प्रत दोन्ही सुधारतात. पण टॅक्रोलिमस आणि स्टिरॉइडमुळे काहींना नव्याने मधुमेह होतो, विषाणुसंसर्ग आणि काही कर्करोग वाढतात.

अतिवृद्ध आणि अनेक आजारांनी जर्जर रुग्णांत डायलिसिस लावावे की नाही हा निर्णय अवघड होतो. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या ३,७०२ वृद्धांच्या २००९ मधील अभ्यासात डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात ५८ टक्के मरण पावले आणि फक्त १३ टक्क्यांची आधीची हालचालीची क्षमता टिकली. हृदय आधीच दुबळे असलेल्या अतिवृद्धांत डायलिसिसने वाढणारे आयुष्य थोडेच असते आणि त्यातला बराच भाग रुग्णालयात जातो. अशांसाठी डायलिसिसविना उपचार हा मान्य पर्याय आहे. त्यात धाप, खाज, रक्तक्षय, मळमळ आणि वेदना यांवर औषधे चालू राहतात, पथ्य सैल केले जाते आणि घरच्यांशी आधीच मोकळेपणाने बोलून ठेवले जाते. भारतात हा पर्याय रुग्णापुढे क्वचितच मांडला जातो.